अहमदपूर ते हैदराबाद, सरळ रेषेत

हल्ली मला नकाशावर अंतरं मोजायचा नाद लागलाय. आपल्या अहमदपूरहून सरळ रेषेत हैदराबाद साधारण २२० किलोमीटर आणि मुंबई ४३० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पाखराला विचारलं तर ते हैदराबादलाच जाईल!

१९५६ पर्यंत आपली राजधानी तीच होती. १९४८ पर्यंत राज्य निजामाचं, जिल्हा बीदर, आणि कचेरीचा कागद उर्दूत. शेत आपलं, पण त्याचा उतारा वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जायचं. राजधानी जवळ असूनही लांब असते, ती अशी.

त्याच बीदरच्या धावपट्टीवर १९४८ मध्ये रात्रीची विमानं उतरत होती. भारतानं संस्थानाची आर्थिक नाकेबंदी केली होती, आणि सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी शस्त्रं आणत होता. कराची ते बीदर सरळ रेषेत साधारण १३०० किलोमीटर. त्याच्या लँकॅस्ट्रियन विमानांच्या वेगानं हिशेब केला तर साडेतीन-चार तासांचा प्रवास. गंमत बघा, सोलापूर ते हैदराबाद रस्ता जेमतेम ३०० किलोमीटरचा. पण १३ सप्टेंबरला नळदुर्गाच्या वाटेनं आत शिरलेल्या भारतीय फौजेला हैदराबाद गाठायला पाच दिवस लागले. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती जाहीर केली.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेप्रमाणे राज्यांची फेररचना झाली. बीदर शहर म्हैसूर राज्यात गेलं, आपला तालुका मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आला. (लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये.) राजधानी एकदम दुप्पट लांब गेली! तरी कुणी कुरकुर केली नाही, कारण ते अंतर मराठवाड्यानं मागून घेतलं होतं. कचेरीतला कागद आपला आपल्याला वाचता यावा, याची ती किंमत होती. मुंबईला आपलं म्हणणं ऐकू जायला वेळ लागतो, ही तक्रार नंतरची. आणि तीही खोटी नाही.

२७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेतली पहिली विमानं सुटली. त्यांत आपल्या शेजारच्या नांदेडचं एक होतं. कुठं गेलं? मुंबईला नव्हे, हैदराबादला. साधारण तासाभराचा प्रवास! सरहद्द बदलली तरी दवाखाना, बाजार आणि सोयरीक यांच्या वाटा मोडलेल्या नव्हत्या. विमान कंपनीनं त्या बरोबर ओळखल्या.

असो. नातेवाईक मंडळींना एकच विनंती. कुणाच्या पेटीत जुने उर्दू कागद असतील तर रद्दीत घालू नका. ते वाचता येणारी माणसं आता आपल्याकडे थोडीच उरलीत. ती आहेत तोवर एकदा वाचून घेऊ.