डिस्गस्ट
डिस्गस्ट : किळस, शिसारी किंवा तीव्र तिटकारा या अर्थांचा इंग्रजी शब्द. ‘चव’ या अर्थाच्या लॅटिन ‘गुस्तुस’पासून फ्रेंचमार्गे तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला, मात्र पुढे दीर्घकाळ त्याचा अर्थ आजच्याइतका तीव्र नव्हता. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीत नृत्यसमारंभातील डार्सीच्या गर्विष्ठ वागण्यासंबंधी हा शब्द येतो, तेव्हा उपस्थितांची नापसंती अभिप्रेत असते, मळमळ नव्हे. आजचा अर्थ गृहीत धरल्यास तो प्रसंग अकारण भडक होतो.

शारीरिक किळसेचे अत्यंत प्रभावी चित्रण जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) आढळते. याहू या ओंगळ मानवसदृश प्राण्यांना पाहून घरी परतलेल्या गलिव्हरला पत्नीमुलांचा वासही असह्य होतो आणि किळसेचा रोख वाचकाच्या स्वतःच्या देहाकडे वळतो.

चार्ल्स डार्विनने भावनांच्या आविष्कारावरील ग्रंथात (१८७२) या भावनेचे मूळ चवीशी जोडले. टिएरा देल फ्वेगो येथील एका रहिवाशाला डार्विनच्या जेवणातील थंड मांसाचा मऊ स्पर्श किळसवाणा वाटला, तर त्याचे हात अस्वच्छ दिसत नसतानाही त्याने हात लावलेल्या अन्नाची डार्विनला किळस आली. ही नोंद त्याने प्रांजळपणे केली, हे विशेष महत्त्वाचे आहे.

संस्कृत काव्यशास्त्रातील जुगुप्सा, म्हणजे बीभत्स रसाच्या मुळाशी असणारा स्थायीभाव, ‘डिस्गस्ट’च्या संकल्पनेला जवळची असली तरी तेथे ती आस्वाद्य ठरते. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाच्या पाचव्या अंकातील स्मशानदृश्य हे तिचे ठळक उदाहरण होय.