पाटल्या मोडून घेतलेली पद्मिनी

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. नाव राणीचं, पण चाकावर बहुतेक पुरुषच. आमच्याकडेही तसंच.

वडील गेले आणि गाडी गोठ्यालगत गंजत पडली. सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. काका म्हणाले, “भंगारात द्या.” आई म्हणाली, “हिच्यापायी माझ्या पाटल्या गेल्यात.” मग आम्ही दोघी बहिणींनी गाडी उभी करायचं ठरवलं.

चार वर्षं लागली. सोयाबीनचे पैसे आले की एक काम. आधी कुजलेला तळाचा पत्रा, मग इंजिन, मग वायरिंग, शेवटी रंग. कारखाना कधीच बंद झालेला. सुटे भाग मोडीत निघालेल्या टॅक्सींचे मिळाले. सगळ्यात अवघड गेले कागद. वारसाची कागदपत्रं देऊन गाडी आईच्या नावावर केली, नोंदणी नव्याने करून घेतली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. आमची चालते. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, म्हणून पुढे आम्ही तिघी बसतो. आई मधे.

मैत्रिणींनो, घरातली जुनी वस्तू मोडीत देण्याआधी तिला पैसे कुणाचे लागले आणि कागद कुणाच्या नावावर आहेत, एवढं नक्की विचारा.