कट्यार
मुठीत धरून भोसकण्यासाठी वापरावयाचे आखूड, दुधारी भारतीय शस्त्र. मराठी बखरींत त्यास जमदाड, तर फार्सी ग्रंथांत जमधर असेही म्हटले आहे. जमदाड म्हणजे यमाची दाढ, असा या नावाचा अर्थ सांगितला जातो. जपानमधील सामुराई योद्ध्याच्या कमरेला असणाऱ्या तांतो या खंजिराप्रमाणे कट्यार ही तलवारीची जोडीदार आणि शस्त्रधारी वर्गाचे चिन्ह होती.

रचना : तांतोचे पाते सामान्यतः एकधारी व सु. ३० सेंमी.पर्यंत लांब असून मूठ पात्याच्या सरळ रेषेत असते. कट्यारीची मूठ मात्र आडवी असते. दोन समांतर पट्ट्या व त्यांना जोडणारे आडवे दांडे अशी तिची बांधणी आहे. दांडे मुठीत आवळले, की पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंस टेकतात व पाते हाताच्या रेषेत पुढे येते. त्यामुळे ठोसा मारावा त्याप्रमाणे संपूर्ण बाहूचे बळ टोकावर एकवटते. चिलखताच्या कड्या फोडता याव्यात म्हणून अनेक कट्यारींचे टोक जाड केलेले असते. दक्षिणेतील जुन्या प्रकारांत हाताच्या रक्षणासाठी मुठीवर पत्र्याचे आच्छादन असे. काही कट्यारींना यूरोपीय तलवारींची पाती रिव्हेटांनी जोडलेली आढळतात. तंजावरच्या शस्त्रागारातील अशा कट्यारी भारतातील व परदेशांतील संग्रहालयांत आहेत. तेथे १८५५ पर्यंत भोसले घराण्याची सत्ता होती.

उपयोग : तलवार, भाला व पट्टा यांना फिरावयास जागा लागते. शत्रूने कवटाळल्यावर ती शस्त्रे निरुपयोगी ठरतात, आणि तेथेच कट्यारीचे काम सुरू होते. प्रतापगडच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी झालेल्या भेटीत अफझलखानाने शिवाजी महाराजांच्या कुशीत जमदाड चालविली, असे सभासद बखरीत म्हटले आहे. अंगातील संरक्षक पोशाखामुळे तो वार फुकट गेला. महाराजांनी बिचवा व वाघनख या तितक्याच निकटच्या शस्त्रांनी प्रतिकार केला.

दरबारी चित्रांत सरदारांच्या पटक्यात खोवलेली कट्यार वारंवार दिसते. मोगल बादशहा रत्नजडित कट्यारी बक्षीस देत. हातभर अंतरावर प्राण घेऊ शकणारे शस्त्र धन्यासमोर बाळगू देणे, हा विश्वासाचा उच्चार होता. मात्र निकटचे पाते त्याच विश्वासाचा घातही करू शकत असे. नांदेड येथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांना जवळ आलेल्या मारेकऱ्याने भोसकले आणि त्या जखमेनंतर ७ ऑक्टोबर रोजी त्यांचे देहावसान झाले.

ऱ्हास : अठराव्या शतकात रणांगणाचे स्वरूप पालटले. मराठे व निजाम यांच्यातील उदगीरच्या लढाईत (१७६०) तोफखान्याला मोठे महत्त्व होते. अशा युद्धात कट्यारीचे स्थान दुय्यम झाले. तिचा सार्वजनिक वापर मात्र मुख्यतः कायद्याने आटला. जपानमध्ये १८७६ च्या हुकुमाने सामुराईंचा तलवार बाळगण्याचा अधिकार संपला, तर ब्रिटिश भारतात १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याविना शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई झाली. निलंगा, उदगीर हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने तो अधिनियम तेथे थेट लागू नव्हता. तथापि तेथेही लढाऊ शस्त्र म्हणून कट्यारीचे प्रयोजन उरले नाही. मूठ दाबताच फाकणाऱ्या पात्यांच्या किंवा पिस्तूल जोडलेल्या कट्यारी या प्रामुख्याने कारागिरीचे नमुने होत.

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी विवाहप्रसंगी नवरदेवाच्या हाती टोकाला लिंबू खोवलेली कट्यार देतात. एके काळी प्राण घेणारे तिचे टोक येथे दृष्ट व अनिष्ट टाळणारे मानले जाते. युद्धातून व दरबारातून गेलेली कट्यार लोकाचारात अशा रूपाने टिकून आहे.