कर्करोगाची चाळणी

रोग दिसूं लागला म्हणजे वैद्याला बोलवावें, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. गर्भाशयाच्या मुखाशीं होणाऱ्या कर्करोगापुढें मात्र ती लंगडी पडे. कारण अवेळीं रक्त जाऊं लागे तोंवर रोगानें पुष्कळदां खोल मूळ धरलेलें असे.

डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ हे मूळचे ग्रीसचे. न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळेंत योनिस्रावांतील पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग. पत्नी अँड्रोमाकी तेथेंच त्यांच्या मदतीला असत, आणि तपासणीसाठीं स्वतःचाच स्राव देत. या बाईंचा उल्लेख क्वचितच होतो, हें न्यायाचें नव्हे. अशा स्रावांत कर्करोगाच्या पेशी ओळखतां येतात, असें पापानिकोलाऊ यांनीं १९२८ सालीं जाहीर केलें. रुमानियांत ऑरेल बाबेश यांनींही त्याच सुमारास तोच मार्ग दाखविला होता. पण वैद्यमंडळींचा विश्वास बसावयास ट्रॉट यांच्यासह लिहिलेला १९४३ चा ग्रंथ यावा लागला.

या यशांतून एक गैरसमजही जन्मास आला. ही परीक्षा म्हणजे चाळणी. कसलीही तक्रार नसलेल्या स्त्रियांतून संशयित निवडण्यासाठीं ती आहे. जिला समागमानंतर अथवा पाळी कायमची बंद झाल्यावर रक्त जातें, तिचें काम चाळणीनें भागत नाहीं. व्रण झालेल्या जागीं रक्त व मृत पेशी यांच्या गर्दींत खऱ्या रोगपेशी झांकल्या जाऊं शकतात आणि कागदावर ‘निर्दोष’ असा शेरा पडतो. अशा स्त्रीचें गर्भाशयमुख डॉक्टरांनीं प्रत्यक्ष पाहावयास हवें. जर्मनींत हिन्सेलमान यांनीं १९२५ सालीं त्यासाठीं भिंगाचें यंत्रही बनविलें होतें. संशय आल्यास तेथील लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो.

या रोगाच्या मुळाशीं पॅपिलोमा विषाणू आहे, याचा भक्कम पुरावा १९८३ सालीं हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीं पुढें आणला. बहुतेक स्त्रियांचें शरीर त्याला आपण होऊन हांकलून देतें. एच.आय.व्ही.नें प्रतिकारशक्ति खचलेल्या स्त्रीला तें कठीण जातें. १९९३ सालीं अमेरिकेनें एड्सच्या व्याख्येंत या कर्करोगाचा समावेश केला तो याच संबंधामुळें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं विषाणूच्या परीक्षेचें वेळापत्रक घालून दिलें: इतर स्त्रियांना तिसाव्या वर्षापासून, दर पांच ते दहा वर्षांनीं, एच.आय.व्ही. असलेल्यांना पंचविसाव्यापासून, दर तीन ते पांच वर्षांनीं. मध्येंच अवेळीं रक्त दिसलें, तर मात्र पुढील पाळीची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें लागतें.