सॉफ्टवेअर-निर्मितीची परदेशी कंत्राटे

संगणकासाठी लागणारे सॉफ्टवेअर तयार करण्याचे, त्यात फेरफार करण्याचे किंवा त्याची देखभाल करण्याचे काम मोबदला देऊन दुसऱ्या देशातील कंत्राटदाराकडे सोपविण्याची पद्धती. वेतनमानांतील तफावत हे या पद्धतीचे प्रमुख कारण होय; तथापि काम कोठे करावयाचे आणि त्याविषयीचे ज्ञान कोणाजवळ राहावयाचे, या दोन प्रश्नांनी तिच्या इतिहासाला वळण दिले आहे.

भारतात १९७० नंतरच्या दशकात परकीय चलनाची टंचाई असल्याने संगणकाच्या आयातीची परवानगी सॉफ्टवेअर-निर्यातीच्या हमीशी जोडलेली होती. १९७३ मध्ये मुंबईत सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र (सीप्झ) स्थापन झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (स्थापना १९६८) या संस्थेने १९७४ च्या सुमारास बरोज या अमेरिकी संगणक-कंपनीसाठी काम सुरू केले. एका प्रकारच्या संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांचे दुसऱ्या प्रकारच्या संगणकासाठी रूपांतर करणे, हे या काळातील कामाचे एक ठळक स्वरूप होय. असे काम दूर राहून करता येई. कारण मूळ आज्ञावली हेच अपेक्षित कामाचे नेमके वर्णन असे.

नव्या आज्ञावलीच्या बाबतीत ही सोय नसते. ग्राहकाच्या कचेरीतील प्रघात, हिशेबाच्या रीती आणि नियमांना असलेले अपवाद कागदावर पूर्णपणे उतरत नाहीत. त्यामुळे १९८० नंतरच्या दशकात भारतीय कंपन्यांचे बरेचसे काम अभियंत्यांना अमेरिकेत ग्राहकाकडे पाठवूनच होई. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसनेही आरंभी हाच मार्ग अवलंबिला. या पद्धतीत संपर्काची अडचण कमी झाली. परंतु प्रवास, प्रवेशपरवाने व परदेशातील निर्वाह यांच्या खर्चाने बचत घटली आणि अनेक प्रशिक्षित अभियंते तेथेच स्थायिक झाले.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगलोर येथे केंद्र स्थापून उपग्रहाद्वारे संदेशवहनाचा उपयोग सुरू केला. १९९१ मध्ये भारत सरकारने ‘सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली. पुणे हे तिच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. अशा केंद्रांतून मिळणाऱ्या संदेशवहनाच्या सोयींमुळे काम भारतातच करून परदेशी पाठविणे सुलभ झाले. वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक नोंदविणाऱ्या जुन्या आज्ञावल्या २००० सालापूर्वी दुरुस्त करण्याच्या निकडीने या व्यवसायाला मोठी चालना दिली. हे कामही जुन्या आज्ञावलीवर आधारलेले, म्हणजे पुरेसे निश्चित होते.

कामाची व्याप्ती वाढताच मूळ अडचणी पुन्हा पुढे आल्या. मुंबई व न्यूयॉर्क यांच्या वेळांत ऋतुमानानुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक असतो. साध्या शंकेच्या उत्तराला एक दिवस लागतो आणि दरम्यान चुकीचे गृहीत आज्ञावलीत शिरण्याचा संभव असतो. एखाद्या प्रणालीची रचना ती घडविणाऱ्या संघटनेतील संपर्करचनेसारखीच होते, असे मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते. रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसे नेमल्यास ते अधिकच रेंगाळते, हा फ्रेडरिक ब्रुक्स यांचा १९७५ मधील निष्कर्षही येथे लागू पडतो. कारण नव्या माणसांना काम समजावून देण्यातच जुन्यांचा वेळ जातो.

कंत्राटाच्या स्वरूपानेही या अडचणी सुटत नाहीत. ठोक रकमेच्या कंत्राटात प्रत्येक फेरफार वादाचा विषय होतो. कामाच्या तासांवर मोबदला दिल्यास ते लवकर संपविण्यात कंत्राटदाराचे हित राहत नाही. कार्यपद्धतीचा दर्जा ठरविणाऱ्या परिपक्वता-श्रेणींपैकी सर्वोच्च पाचवी श्रेणी अनेक भारतीय कंपन्यांनी संपादन केली. तथापि अशी श्रेणी कार्यपद्धतीच्या शिस्तीची ग्वाही देते. ग्राहकाची गरज अचूक समजली आहे किंवा नाही, हे ती सांगू शकत नाही. कंत्राटदाराचे अभियंते वारंवार नोकरी बदलू लागल्यास संपादित ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते.

परावलंबनाचा धोका जानेवारी २००९ मध्ये उघड झाला. सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या अध्यक्षांनी हिशेबांतील अफरातफरीची कबुली देताच तिच्या परदेशी ग्राहकांपुढे सेवेच्या सातत्याचा प्रश्न उभा राहिला. भारत सरकारने नवे संचालक मंडळ नेमले आणि एप्रिलमध्ये टेक महिंद्राची निवड होऊन कंपनी सावरली. पुढे अनेक परदेशी कंपन्यांनी बंगलोर, हैदराबाद, पुणे इ. ठिकाणी स्वतःची केंद्रे वाढविली. भारतातील मनुष्यबळाचा लाभ घ्यावयाचा, पण कामाचे ज्ञान आपल्याच संस्थेत ठेवावयाचे, हा त्यामागील एक महत्त्वाचा हेतू होय. आज्ञावली लिहिण्याचे श्रम दूर देशी सोपविता येतात. काय हवे आहे हे ठरविण्याची आणि ते समजून घेण्याची जबाबदारी मात्र ग्राहकाला स्वतःकडेच ठेवावी लागते.