विद्यापीठाच्या आवारातील उच्चदाब वीज : मीटरच्या पलीकडची जबाबदारी

मोठ्या विद्यापीठाच्या आवारात वीज कंपनीची जबाबदारी प्रवेशद्वाराजवळच्या मीटरपाशीच संपते, ही गोष्ट तेथे शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. घरातील वीज गेली की महावितरणला दूरध्वनी करायचा, ही शहरवासीयांची सवय. विद्यापीठाला मात्र ११ किंवा २२ हजार व्होल्ट दाबाची वीज एका ठिकाणी मोजून हाती दिली जाते आणि तेथून ती वसतिगृहातील पंख्यापर्यंत सुरक्षितपणे पोचविण्याचे काम विद्यापीठाच्याच अभियांत्रिकी विभागाकडे येते. कागदोपत्री विद्यापीठ हा केवळ एक ग्राहक असतो. कुंपणाच्या आत त्याला वीज कंपनीसारखेच वागावे लागते. बनारस हिंदू विद्यापीठासारख्या विस्तीर्ण संस्थेत तर वीज व पाणीपुरवठ्यासाठी स्वतंत्र विभागच आहे.

एवढा उच्च दाब आवारात आणावाच कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर साध्या गणितात आहे. १००० केव्हीए क्षमतेचे रोहित्र पूर्ण भाराने चालते, तेव्हा त्याच्या ११ हजार व्होल्टच्या बाजूने सुमारे ५२ अँपिअर प्रवाह वाहतो. तीच वीज ४३३ व्होल्टला घ्यायची, तर प्रवाह १३०० अँपिअरच्या पुढे जातो. तारेत तापून वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह पंचवीसपट झाला, तर त्याच तारेतील नासाडी सहाशेपटींहून अधिक होईल. शेकडो एकरांवर पसरलेल्या आवारात एवढे अंतर लघुदाबाने कापणे परवडणारे नाही. म्हणून उच्चदाब वाहिनी इमारतीच्या शक्य तितकी जवळ नेऊन तेथे रोहित्र बसविले जाते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी ६५० व्होल्टच्या वर आणि ३३ हजार व्होल्टपर्यंतच्या विजेला ‘उच्चदाब’ म्हटले. ते नियम पुढे २०१० च्या आणि आता २०२३ च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनी मागे टाकले असले, तरी त्यामागचे तत्त्व तेच आहे. अशी यंत्रणा विद्युत निरीक्षकाच्या मान्यतेशिवाय कार्यान्वित करता येत नाही आणि ती हाताळणारी माणसे अधिकृतपणे नेमलेली असावी लागतात.

वर्तुळ आणि नकाशा

जुन्या आवारांतील रचना झाडासारखी असते. मुख्य उपकेंद्रातून एक वाहिनी निघते, तिला फांद्या फुटतात आणि मुळाशी बिघाड झाला की पुढचे सगळे अंधारात जाते. नव्या किंवा सुधारित आवारांत ‘रिंग’ पद्धत असते. वाहिनी उपकेंद्रातून निघून सर्व रोहित्रांना स्पर्श करीत पुन्हा उपकेंद्रातच येते. एका जागी हे वर्तुळ मुद्दाम उघडे ठेवलेले असते. प्रत्येक रोहित्रापाशी ‘रिंग मेन युनिट’, म्हणजे दोन्ही दिशांचे स्विच असलेली पेटी असते. ग्रंथालय आणि रसायनशास्त्र विभाग यांच्यामधील केबल निकामी झाली, तर त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे स्विच उघडायचे, वर्तुळातील उघडी जागा बंद करायची आणि दोन्ही इमारतींना विरुद्ध बाजूंनी वीज द्यायची. केबलची दुरुस्ती नंतर सवडीने होते. दिवसभराचा अंधार अर्ध्या तासावर येतो, तो याच सोयीमुळे.

या सोयीला एक अट आहे. कोणता स्विच कोणत्या केबलचा, हे नक्की माहीत हवे. विद्यापीठे हळूहळू वाढतात. एखाद्या विभागाला अनुदान मिळाले की नवी प्रयोगशाळा उभी राहते, जवळच्या रोहित्रावरून तिला जोडणी दिली जाते आणि उपकेंद्राच्या भिंतीवरील एकरेषीय आराखडा मात्र उद्घाटनाच्या वर्षाचाच राहतो. पुष्कळ ठिकाणी खरा नकाशा एखाद्या ज्येष्ठ वायरमनच्या डोक्यात असतो आणि तो निवृत्त होतो त्या दिवशी नकाशाही निवृत्त होतो. मग कोठेतरी जलवाहिनीसाठी चर खणताना जेसीबीचा दात थेट ११ हजार व्होल्टच्या केबलला लागतो. केबलच्या मार्गावर दर्शक दगड लावणे, वर विटांचा किंवा फरश्यांचा थर देणे आणि कोणत्याही खोदाईआधी विद्युत विभागाची लेखी परवानगी सक्तीची करणे, हे उपाय अगदी स्वस्त आहेत. तरीही तेच सर्वाधिक दुर्लक्षित असतात. इमारतींच्या वाढीव मजल्यांबाबतही असेच घडते. ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारांपासून इमारत आडव्या अंतरात किमान १.२ मीटर आणि उभ्या अंतरात ३.७ मीटर दूर हवी, असा जुना दंडक आहे. वसतिगृहाला सज्जा काढताना तो कोणाला आठवत नाही.

‘लाइन क्लिअर’ची शिस्त

उच्चदाब यंत्रणेत चुकीला दुरुस्तीची संधी क्वचितच मिळते. घरगुती विजेचा धक्का स्पर्शाने बसतो. येथे तारेला हात लागण्याची गरज नसते. पुरेसे जवळ गेले तरी हवेतून ठिणगी उडी घेऊ शकते. स्विचगिअरमध्ये अशी ज्वाला पेटली, तर तिचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाहून अधिक असू शकते आणि समोर उभ्या माणसाला विजेचा धक्का न बसताही जीवघेणी भाजणी होते. म्हणून या कामाची सगळी पद्धत संशयावर उभी आहे. वाहिनी बंद आहे हे सिद्ध होईपर्यंत ती चालू आहे, असेच मानायचे.

ही पद्धत पायऱ्यापायऱ्यांनी जाते. प्रथम सर्किट ब्रेकर उघडायचा. मग आयसोलेटर उघडून वाहिनी डोळ्यांना दिसेल अशी तोडायची, कारण ब्रेकरच्या आतील संपर्क खरोखर सुटले की नाही हे बाहेरून दिसत नाही. हा क्रम उलटा झाला, म्हणजे भार चालू असताना आयसोलेटर ओढला, तर ज्वाला तेथेच पेटते. त्यानंतर स्विचला कुलूप आणि ‘माणसे काम करीत आहेत’ अशी पाटी. मग दाबदर्शक यंत्राने तपासणी. पण ते यंत्र चालते आहे ना, हे आधी आणि नंतर जिवंत वाहिनीवर पडताळून. शेवटी कामाच्या दोन्ही बाजूंना वाहिनी जमिनीशी जोडायची. ही शेवटची पायरी पुष्कळांना अनावश्यक वाटते. मात्र लांब भूमिगत केबल पुरवठा तोडल्यावरही विद्युतभार साठवून ठेवते आणि तो माणसाच्या देहातून वाट शोधू शकतो. एवढे झाल्यावरच ज्याला वायरमन ‘लाइन क्लिअर’ म्हणतात, तो लेखी परवाना काम करणाऱ्याच्या हाती पडतो. ज्याने परवाना घेतला, त्यानेच तो स्वाक्षरीनिशी परत केल्याखेरीज वीज चालू होत नाही. ‘साहेब, झाले काम, करा चालू’ असा मोबाइलवरील निरोप चालत नाही. निदान चालू नये.

बाहेरचा पुरवठा बंद असतानाही धोका टळत नाही, कारण रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. ११ हजारांचे ४३३ व्होल्ट करणारे तेच यंत्र, लघुदाबाच्या बाजूने वीज मिळाली तर ४३३ चे ११ हजार करून उलट पाठवते. वसतिगृहाचे डिझेल जनित्र चेंजओव्हर स्विच न पाहता सुरू झाले, तर बंद म्हणून जाहीर केलेली वाहिनी क्षणात जिवंत होते. राज्यात भारनियमन तीव्र होते, त्या काळात अनेक संस्थांनी इमारतीगणिक जनित्रे घेतली. त्यांच्या जोडण्या एकाच ढंगाच्या असतात, असे नाही. अलीकडे छतावरील सौर पॅनेलही आले आहेत. ग्रीडचा पुरवठा जाताच त्यांचे इन्व्हर्टर आपोआप थांबणे अपेक्षित असते; तरीही परवाना देण्याआधी तेथील स्विच उघडून कुलूप लावणे हाच शहाणपणा ठरतो. दोन्ही बाजूंना वाहिनी जमिनीशी जोडण्याचा आग्रह यासाठीही आहे.

पावसाळ्याआधीची कामे

रोहित्र हे मुके यंत्र असले, तरी ते आजाराची लक्षणे बरीच आधी दाखवते. श्वसननलिकेतील सिलिका जेलचे निळे खडे गुलाबी झाले, की तेलात ओलावा शिरू लागला असे समजावे. तेलाचा नमुना काढून तो किती दाब सोसतो हे पाहिले जाते. तेलात विरघळलेल्या वायूंच्या पृथक्करणावरून आतील बिघाडाचा अंदाज येतो, तो रक्ततपासणीसारखाच. १००० केव्हीए आणि त्याहून मोठ्या रोहित्रांना बुखोल्झ रिले असतो. आत वायू साठू लागला की तो इशारा देतो आणि बिघाड मोठा असेल तर पुरवठा तोडतो. अर्थिंगचा रोध कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी मोजावा लागतो. भर पावसात मोजला, तर ओल्या जमिनीमुळे आकडा चांगला येतो आणि मे महिन्यात तोच खोटा ठरतो.

केबलच्या चरांतील पाणी, पॅनेलमध्ये ऊब शोधत शिरणारे उंदीर, पाली आणि प्रसंगी साप, ही महाराष्ट्रातील उपकेंद्रांची नित्याची डोकेदुखी आहे. केबल जेथून आत येते ते भोक बुजविलेले नसणे, एवढ्या कारणाने लाखो रुपयांचे पॅनेल जळू शकते. या कामांसाठी वीज बंद ठेवावी लागते आणि खरी अडचण तेथेच येते. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहणार, हे नागरिकांच्या अंगवळणी पडले आहे. विद्यापीठाला असा एकही निर्वेध वार सापडत नाही. कधी परीक्षा असते, कधी परिसंवाद, कधी एखाद्या संशोधकाचा महिनाभर चाललेला प्रयोग. परिणामी देखभाल दिवाळीवर ढकलली जाते, दिवाळीतून उन्हाळ्यावर आणि पहिल्या वळिवाच्या रात्री रोहित्र स्वतःच तारीख ठरवते.

बिलातील गुंता

उच्चदाब ग्राहकाचे वीजबिल घरगुती बिलापेक्षा वेगळे असते. वापरलेल्या युनिटांखेरीज महिन्यातील सर्वोच्च मागणीवर स्वतंत्र आकार लागतो. ही मागणी ठरावीक अल्प कालखंडाच्या सरासरीवरून ठरते. म्हणजे एप्रिलच्या एका दुपारी सभागृह, ग्रंथालय आणि प्रयोगशाळांची वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू झाली, तर त्या थोड्या वेळाचा भुर्दंड महिनाभराच्या बिलात दिसतो. वीज कंपनीशी ठरलेली करार मागणी ओलांडली, तर जादा भारावर वाढीव दर लागतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच एककानुसार बिल येऊ लागले. पूर्वी पॉवर फॅक्टर सुधारला तर सवलत आणि घसरला तर दंड, असा वेगळा हिशेब असे. आता तो युनिटांतच मिसळला आहे. त्यामुळे बंद पडलेले कपॅसिटर पूर्वी दंडाच्या रकान्यात उघडे पडत, ते आता फुगलेल्या युनिटांत लपतात. लेखा विभागाने बिल मंजूर करण्यापूर्वी ते अभियंत्याला दाखविले, तर ही गळती लगेच लक्षात येते.

रिकाम्या चालणाऱ्या रोहित्रांचाही विचार व्हायला हवा. कोणताही भार नसताना केवळ जोडलेले राहण्यासाठी १००० केव्हीएचे रोहित्र साधारण दीड किलोवॉट वीज खाते. वर्षभरात हा आकडा १३ हजार युनिटांवर जातो. भविष्यातील विस्तारासाठी म्हणून आधीच बसविलेली दोन-चार रोहित्रे अशी रात्रंदिवस गुणगुणत असतात.

अंधार पडतो तेव्हा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगराचा वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. बाहेरचा पुरवठा किती भरवशाचा, हा प्रश्न अशा वेळी विद्यापीठाच्या दारात येतो. अमेरिकेतील काही विद्यापीठांनी त्याचे उत्तर स्वतःच्या वीज केंद्रात शोधले आहे. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘सँडी’ वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठाने आपले सुमारे १५ मेगावॉटचे गॅस टर्बाइन बाहेरच्या ग्रीडपासून वेगळे केले आणि आवाराचा महत्त्वाचा भाग त्यावर चालू ठेवला. सगळे आवार पेलण्याइतकी वीज त्यातून मिळणार नव्हती. त्यामुळे काय चालू ठेवायचे आणि काय बंद करायचे, हे ठरवावे लागले. ते शक्य झाले, कारण वाहिन्या तशा विभागता येत होत्या.

त्याच रात्री न्यूयॉर्क विद्यापीठात दोन टोकांची चित्रे दिसली. वॉशिंग्टन स्क्वेअर परिसरातील इमारती स्वतःच्या वीज केंद्रामुळे उजळलेल्या राहिल्या. त्याच विद्यापीठाच्या नदीकाठच्या वैद्यकीय केंद्रात मात्र पाणी शिरले आणि पर्यायी वीज बंद पडली. काही जनित्रे उंचावर होती. त्यांना इंधन पुरविणारी यंत्रणा तळघरात होती. नवजात अर्भकांसह तीनशेहून अधिक रुग्णांना त्या रात्री काळोख्या जिन्यांवरून खाली आणून अन्यत्र हलवावे लागले. संशोधनासाठी तळघरात पाळलेले हजारो उंदीर बुडाले. शीतपेट्यांत उणे ८० अंशांवर जपलेल्या, वर्षानुवर्षे जमविलेल्या नमुन्यांसाठी संशोधकांना कोरड्या बर्फाची धावाधाव करावी लागली.

आपल्याकडील आवारांत स्वतःचे टर्बाइन ही दूरची गोष्ट आहे. जनित्रावर कोणते भार आधी घ्यायचे याची यादी मात्र प्रत्येक विद्यापीठ करू शकते. ती करताना कुलगुरूंचे दालन आणि मुख्य इमारतीची रोषणाई सहसा वरच्या क्रमांकावर येते, तर सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची शीतपेटी कोणत्या फीडरवर आहे, हे तेथील प्रयोगशाळा सहायकालाही सांगता येत नाही. ती माहिती गोळा करण्यासाठी प्रत्येक विभागातील सॉकेटपासून पॅनेलपर्यंत माग काढावा लागतो. दोन वायरमन आणि एक कनिष्ठ अभियंता एवढ्या मनुष्यबळावर एका उन्हाळी सुट्टीत हे काम उरकता येते आणि त्यासाठी निविदा काढावी लागत नाही.