दोन पायऱ्यांची मोजपट्टी : एका परिवर्तकाची कथा

ध्वनीचे अंकांत रूपांतर करायचे तर मोजपट्टी अतिसूक्ष्म हवी, असे कोणालाही वाटेल. सीडीच्या १६ बिटांसाठी ६५,५३६ पायऱ्या लागतात. चिपवर तितके काटेकोर जुळणारे घटक घडवणे महाकठीण!

१९६२ साली टोकियो विद्यापीठातील इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी मात्र अवघ्या दोन पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. हेतू संगीताचा नव्हता; दूरवरची मोजमापे तारेने वा रेडिओने पाठवण्याचा होता. तत्कालीन डेल्टा मॉड्युलेशन केवळ बदल कळवी, त्यामुळे वाटेतली चूक ग्राहकाकडे साठत जाई. या तिघांनी बेरजेचे मंडल ग्राहकाकडून उचलून उगमापाशी आणले. आता प्रत्येक ० वा १ नंतर उरलेली चूक पुढच्या मोजणीत वळती होऊ लागली. मोजणी पुरेशी वेगवान असेल, तर चुकीचा बहुतांश गोंगाट श्रवणमर्यादेपलीकडच्या वारंवारतांत ढकलला जातो.

(त्यांनी नाव दिले ‘डेल्टा-सिग्मा’. पुढे अमेरिकेत ते उलटून ‘सिग्मा-डेल्टा’ झाले. मला मूळ नावच न्याय्य वाटते.)

मग ध्वनिमुद्रणापर्यंत पोहोचायला सुमारे पाव शतक का लागले? तो गोंगाट गाळणाऱ्या अंकीय गाळणीला हजारो ट्रान्झिस्टर लागतात; १९६२मध्ये ती चैन कोणाला परवडणार? सीमॉस तंत्राने ट्रान्झिस्टर कवडीमोल केले, तेव्हा १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मोजपट्टी आणि गाळणी एकाच इवल्या चिपवर नांदू लागल्या.